कमरेचा रकाना

३ मार्च

मापांची वही आज ताईंकडून परत आली आणि तिच्यात एक कागद राहून गेलेला!

ताई म्हणजे समितीच्या बायकांच्या प्रमुख. दर महिन्याच्या शेवटी मी तळावरच्या सगळ्यांची मापं घेते, वहीत लिहिते आणि वही दोन दिवस ताई नेतात. "कापड किती मागवायचं ते बघते," म्हणतात. मला कधी संशय आला नाही. छाती, खांदा, बाही, कंबर, उंची — यात चोरून बघण्यासारखं असतं काय?

घडी उलगडली. ताईंचंच टपोरं अक्षर. खांदा नाही, बाही नाही. नुसती बायकांची नावं आणि कमरेचे आकडे, महिन्यामागून महिना. मध्येच कुठे लाल पेन्सिलीने गोल. दवाखान्यातल्या नर्सच्या नावापुढे डिसेंबर अठ्ठावीस, जानेवारी तीस — तिसाभोवती गोल. फेब्रुवारी परत अठ्ठावीस.

नर्स फेब्रुवारीत चार दिवस दिसली नव्हती. ताप आलाय म्हणाले. मापाला आली तेव्हा मी थट्टेत म्हटलं होतं, "ताप चांगला होता की गं, जाताना कंबर घेऊन गेला!" ती हसली नाही. मला वाटलं, अशक्तपणा असेल.

दोन वर्षांत सात गोल. सातही जणींचा आकडा पुढच्या महिन्यात खाली.

कागद होता तसा ठेवून दिला. तासाभरात ताई धापा टाकत हजर. "वहीत काही राहिलं का?" म्हटलं, "मी अजून उघडलीच नाही." त्यांनी वही पालथी धरून झाडली, कागद पडला, मुठीत घेतला, गेल्या. मशीन चालवत बसले.

४ मार्च

झोप नाही. कारण ही वही माझीच अक्कल! ताईंची नाही, समितीची नाही. माझी.

इथे आले तेव्हा गणवेश गोणीतून यायचे, कुणाला तोकडे, कुणाला पोत्यासारखे. मीच बैठकीत उठून बोलले — लढणारी माणसं आज भरतात, उद्या वाळतात, दर महिन्याला माप घेऊन वही ठेवा, कापड वाया जाणार नाही. टाळ्या पडल्या. मोठे दादा, म्हणजे आमचे सगळ्यांचे पुढारी, म्हणाले, "शिवणबाईंकडून शिका!" आठवडाभर मी हवेत होते.

आता कळतं, टाळी सगळ्यात मोठ्याने कोण वाजवत होतं ते. ताई.

करायला गेले एक आणि झालं हे. माझी टेप, माझे हात, माझं अक्षर. त्या सात जणींच्या कमरेला मीच हात घातला की! "श्वास सोड, पोट आत ओढू नकोस," हेही मीच सांगते प्रत्येकीला.

९ मार्च

ही रोजनिशी मी शाळेच्या कोऱ्या हजेरीवहीत लिहिते. आमचं शिवणघर म्हणजे एक वर्ग. फळ्यावर सतराचा पाढा अजून अर्धा आहे. कपाटात हजेरीवह्या सापडल्या, त्यातली एक उचलली. कापड कापायच्या पुठ्ठ्याच्या फर्म्यांखाली ठेवते. फर्म्यांना माझ्याशिवाय आणि मास्तरांशिवाय कुणी हात लावत नाही. मास्तर म्हणजे आमचे कटर, साठीचे. वहीतला आकडा बघतात आणि कात्री चालवतात. बोलणं मोजकं. एकदा मी म्हटलं, अहो, हा पोरगा वाळलाय, बघा तरी. म्हणाले, "वहीत असेल ते कापतो. माणूस मी बघत नाही."

आज भाचीच्या लग्नाचा फॉर्म आठवला. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. बहीण गेली तेव्हा सात वर्षांची होती, पुढे मीच वाढवली. दुकानातल्या कापडाच्या ढिगावर झोपायची. विशीत संघटनेत पळाली. तिला परत आणायला म्हणून मी आले आणि माझीच शिवणबाई झाली! इथे कुणी कुणाला परत नेत नाही.

तर फॉर्म. लग्न करायचं तर समितीचा फॉर्म. अकरा प्रश्न. "जोडीदारावरील प्रेम कर्तव्याच्या आड आल्यास काय कराल?" "जोडीदाराची चूक दिसल्यास किती वेळात कळवाल?" किती वेळात! दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून भरायचा. मग एक वर्ष दोन वेगळ्या तुकड्यांत — प्रेम टिकतं का बघायला. टिकलं तर झेंड्याखाली सही, हस्तांदोलन, एकेक कप चहा, झालं लग्न. आणि भेटीची चिठ्ठी महिन्यातून दोनदा, दुपारी तीन ते सहा, गोदामामागची खोली. त्या खोलीचा पडदा मी शिवला. सहा वाजता बाहेरचा पहारेकरी पत्र्यावर काठी वाजवतो.

मूल नाही. "विजयानंतर." चुकून राहिलं तर दवाखाना. दवाखान्यातला डॉक्टर म्हणजे पूर्वीचा कंपाउंडर.

हे सगळं मला माहीत होतं. शिस्त आहे, म्हणत होते मीही. आपला पाय आगीवर पडेपर्यंत आग गरम नसते.

११ मार्च

मोठ्या दादांची बायको आली. ब्लाउज उसवून सैल करून हवाय. टेप लावली, कंबर चौतीस! वही उघडायला गेले तर ताई मागून म्हणाल्या, "त्यांचं लिहायचं नाही." तेव्हा लक्षात आलं, वहीत त्यांचं पानच नाही. कधी नव्हतंच.

प्रकृतीला आराम हवा म्हणून त्या पुढच्या महिन्यात बाहेर शहरात जाणार आहेत. जाण्याआधी सहा झबली, चार दुपटी हवीत. मऊ कापडाची.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! शिवते आहे. टाके बारीक घालते आहे. बाळाचा काय दोष.

१६ मार्च

भाचीने सांगितलं. मी फळ्याखाली बसून काजं करत होते. आली, शेजारी बसली, सुईत दोरा ओवून दिला, आणि म्हणाली, "मावशी, माझं पण पान लाल होणार बघ."

म्हणजे तिला लाल पेन्सिल माहीत होती! सगळ्या बायकांना माहीत आहे! फक्त मापं घेणारीलाच नाही. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुला सांगून काय, तू खरं तेच लिहिणार."

हे जिव्हारी लागलं. बरोबर बोलली म्हणून लागलं.

१७ मार्च

तिला मूल हवं आहे. स्पष्ट म्हणाली. "मला हे हवंय. मला इथून जायचंय."

वाट एकच. बिनतारी संचाच्या बॅटऱ्या आणायला दर तीन महिन्यांनी ट्रक सीमेपलीकडच्या गावात जातो. भाची बिनतारीवरच काम करते, बॅटऱ्या पारखायला या खेपेला तिची पाळी. ट्रक १२ एप्रिलला. गावात एकदा उतरली की माझ्या दुकानाची जुनी गिऱ्हाईकबाई राहते तिथे. ती दार उघडेल.

मध्ये एकच माप येतं — २८ मार्चचं. एकच आकडा! तेवढा खोटा लिहायचा. आयुष्यभर गिऱ्हाइकाला सव्वासत्तावीस असेल तर सव्वासत्तावीसच सांगितलं, कधी सत्तावीस नाही. आता लिहीन.

नवऱ्याला सांगितलंस का, विचारलं. आमचे जावईबापू तिच्याच बिनतारीच्या खोलीतले, कानाला यंत्र लावून बसणारे. म्हणाली, "सांगितलं. म्हणतो, आधी समितीला कळवू या, समजून घेतील." अरे वा! लग्न लागलं कुणाशी, बायकोशी की समितीशी? तोंड बंद ठेवायची शपथ घातली आहे म्हणे त्याला. शपथ!

२८ मार्च

मापं. ताई आज खुर्ची टाकून समोरच बसल्या. पहिल्यांदाच!

थोरली स्वयंपाकीण नेहमीप्रमाणे खोली डोक्यावर घेऊन गेली. "लिही गं, कंबर नाही, कोठी म्हणून लिही!" गेल्या महिन्यात तिचं ट्रकवाल्याशी लग्न झालं, चहा तिनेच केला आणि पाहुणे म्हणून तिनेच प्यायला. सगळ्या हसल्या. मीही. त्या हसण्यातच भाचीला पुढे घेतलं.

एकोणतीस. बोटाखाली नीट लागलं, एकोणतीस. मोठ्याने म्हटलं, "सव्वीस." लिहिलं सव्वीस. ताईंनी मान डोलावली. भाची माझ्याकडे न बघता गेली.

१ एप्रिल

वही परत आली. कुणाला बोलावणं नाही. सुटलो!

२ एप्रिल

पलीकडच्या तळावर तीन मशीन बंद पडलीत. मलाच जायचंय, आठवडाभर. जाताना वही नेहमीच्या जागी ठेवली. मास्तरांच्या टेबलावर, उघडी.

१० एप्रिल

अक्षर वेडंवाकडं येतंय.

आज स्थापनादिनाची परेड. मी सकाळी पोचले तर मैदानावर सगळे नव्या गणवेशात! कापड मेमध्ये यायचं होतं. पाच तारखेलाच आलं. मास्तरांनी दोन दिवसांत सगळं कापलं, मुलींनी रात्रंदिवस बसून शिवलं. वहीवरून! जसंच्या तसं!

मी खोटं लिहिलं आणि हे विसरले की लिहिलेलं शिवलंही जातं. तीस वर्षं हाच धंदा केला मी. आकडा म्हणजे कापड, हे मला कुणी सांगायला हवं होतं?

सव्वीसची पँट. मास्तर शिलाईला अर्धा इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवतात, त्यावर दोरा नाही. बिचारीने हूक सोडून सेफ्टीपिन लावली होती, वर शर्ट ओढून. मोठे दादा भाषणात म्हणाले, "आमचं प्रत्येक शरीर लढ्याचं आहे." मग कंबरपट्टे नीट बसलेत का बघायला ताई ओळीतून फिरल्या. भाचीपाशी थांबल्या. शर्ट वर केला. सगळ्यांसमोर. दोन बोटांनी ती पिन उघडली.

ट्रक परवा होता. परवा!

११ एप्रिल

चौकशी. आधी जावईबापू. मला खिडकीतून ऐकू येत होतं. "मला काहीच कल्पना नव्हती. समिती ठरवेल ते मान्य." मग संमतीच्या कागदावर सही केली, तारखेसकट, नीटनेटकी. सव्वा वर्ष फॉर्म भरून, वाट बघून, परीक्षा देऊन मिळालेला नवरा हा! परीक्षेत पास व्हायला असाच माणूस लागतो म्हणा.

भाचीला दवाखान्यात नेलं. मी व्हरांड्यात उभी राहिले. पहारेकरी म्हणाला, "बाई, इथे थांबायचं नाही." नर्स दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि दार आतून लावून घेतलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. काहीच नव्हतं.

१२ एप्रिल

माझी चौकशी. सव्वीस कसं लिहिलं?

काल दिवसभर कापडी टेप ओली करून खिळ्याला टांगली होती आणि खाली लोखंडी इस्त्री बांधली होती. ताणली गेली. दीड इंच. आज ती ताईंपुढे ठेवली आणि म्हटलं, "जुनी झाली हो. कापडी टेप ताणतेच." ताईंनी वर्गातली लाकडी पट्टी आणून टेप मोजली. पट्टीने टेप मोजणारी बाई! एरवी हसून मेले असते. उरलेला दीड इंच माझ्या चष्म्याच्या माथी मारला. नंबर वाढलाय, बायकांची गर्दी होती, गडबड झाली.

सुटले. नवी टेप मिळाली, पोलादी, न ताणणारी. आणि ताकीद.

बाहेर आले आणि स्वतःची शिसारी आली. ती आत पडली आहे आणि मी चष्मा पुसून दाखवला.

ट्रक दहा वाजता गेला. बॅटऱ्या पारखायला जावईबापू गेले.

१५ एप्रिल

परत आणलं तिला. चार दिवसच. सगळ्यांना चारच देतात.

१६ एप्रिल

तिच्यापुढे जेवण ठेवलं, तसंच.

मास्तरांनी आज विचारलं, "मुलगी कशी आहे?" मी फाडकन म्हटलं, तुम्ही माणूस बघत नाही ना? त्यांची कात्री कापडावर मध्येच थांबली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कापड वाकडं गेलं. मला बरं वाटलं. मग त्याचंही वाईट वाटलं.

२९ एप्रिल

मापं. नव्या टेपने. सव्वीस. खरंखुरं सव्वीस. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

मोठ्या दादांच्या बायकोची झबली काल मी पोचवून आले. धुऊन, इस्त्री करून, दोरीने बांधून दिली.

८ मे

काय पाहिलं आज!

सगळ्यांची बैठक. भाची आपण होऊन उठली. सरळ उभी, हात मागे. "माझी चूक झाली. स्वतःचं सुख मी लढ्याच्या वर ठेवलं. समितीने मला सावरलं." एकही शब्द अडखळला नाही. मोठे दादा उभे राहून टाळ्या वाजवू लागले, मग सगळेच. माझ्या शेजारची थोरली स्वयंपाकीणही वाजवत होती, मान खाली घालून. मीही वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला!

सावरलं म्हणे. जिभेला काटा कसा आला नाही?

१२ मे

ताईंची बदली पलीकडच्या तळावर. त्यांच्या जागी बायकांची देखरेख कुणाकडे? माझ्या भाचीकडे! मोठे दादा म्हणाले, जिने स्वतः चूक केली तीच दुसऱ्यांची चूक ओळखते.

तिने मागितली होती म्हणे जागा. स्वतः अर्ज करून.

वाटलं होतं, तिचं काळीज मोडलं असेल. मोडलेलं माणूस जवळ घेता येतं, कुरवाळता येतं. हे काय झालं आहे तिचं? कापडाच्या ढिगावर झोपणारी माझी पोर आता लाल पेन्सिल धरणार. तिच्या पोटातलं काढलं आणि त्या जागी हे भरलं काय? तिला वाढवलं त्या हातांची घृणा येते मला. आज मैदानात समोरून आली, "बऱ्या आहात ना?" म्हणाली. आहात! मावशीला! मी तोंड फिरवून निघाले.

२८ मे

मापं झाली. लिहिली. थोरली स्वयंपाकीण आज कोठी वगैरे काही म्हणाली नाही. टेप कमरेला टेकताच माझ्या मनगटाला घट्ट धरलं तिने, आणि सोडलं. भाची खुर्चीवर बसून होती. खिडकीबाहेर बघत होती.

मी आकडा मोठ्याने म्हटला नाही. कमरेचा रकाना तसाच कोरा ठेवलाय. देवा, आता परत ते नको.

२९ मे

वही न्यायला ती दुपारी आली. दार लोटून घेतलं. मी मान वर केली नाही.

थोरलीचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे गेल्या महिन्याचेच छत्तीस लिही, मावशी." मग अगदी हळू, "तू खोटं लिहिलंस ते चुकलं नव्हतं. एकाच वहीत लिहिलंस. दोन ठेव. एक मला द्यायची, एक मास्तरांसमोर."

मास्तर तिथेच होते. कात्री चालूच. म्हणाले, "मी वहीत असेल ते कापतो. वही कुठली, ते मी बघत नाही."

या रोजनिशीची इथवरची पानं आज दुहेरी दोऱ्याने शिवून टाकते. पुढची कोरी पानं मास्तरांच्या टेबलावर जातील. खरी मापं इथून पुढे.

थोरली स्वयंपाकीण. कंबर एकोणचाळीस.